कुटुंब क्रमांक एकसष्ट

८ जुलै

वहिनी,

अक्षर ओळखून पाकीट फाडू नकोस. फाडायचंच असेल तर निदान पहिलं पान वाचून फाड, एवढी सवलत दे. तुझा पत्ता मला कुणी दिलेला नाही. भिंगरीच्या दाखल्यासाठी तू शाळेत अर्ज दिलास, त्यावर तो होता. तो अर्ज वर्गशिक्षिका म्हणून माझ्याच टेबलावर आला. दाखला मीच लिहिला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मी 'स्थलांतर' असं लिहिलं, अगदी वळणदार अक्षरात. त्याला आता दोन वर्षं होतील.

तर बातमी अशी, की मी शिकायला आले आहे. हस, हस! पंचेचाळिसाव्या वर्षी. जीवशास्त्र शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची. म्हणजे जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं ते कसं शिकवावं, याचा अभ्यास. एकवीस वर्षं शाळेत खडू झिजवल्यावर मला हे सुचलं. शाळेनं अभ्यास रजा दिली. दादाला सांगितलं, बढतीसाठी करते आहे. तो पेपरातून डोकं वर न काढता "जा" म्हणाला. हल्ली तो एवढंच बोलतो. आई म्हणाली, "या वयात कसली गं शाळा?"

वसतिगृहाची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, बाकी काही नाही. खोलीतली मुलगी तेवीस वर्षांची. कानात सदा ते गाणी ऐकायचं बोंडुक घातलेलं. मला मॅडम म्हणते आणि मी आत आले की फोनवर हळू बोलायला लागते, जणू मी तिची परीक्षा घ्यायलाच आले आहे. जेवणाच्या खोलीत मी कडेच्या टेबलावर बसते. मुली येतात, "इथे कुणी आहे का?" विचारतात. मला बरं वाटतं, वाटतं बसतील आता. मी नाही म्हटलं की त्या खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाकडे घेऊन जातात. काल दोन खुर्च्या गेल्या.

भिंगरी आता नववीत ना? तिला सांग म्हणत नाही. विचारते आहे फक्त.

तुझी
ताई
(ताई लिहायचा हक्क उरला आहे की नाही, माहीत नाही. दुसरं काय लिहू?)

३ ऑगस्ट

वहिनी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं मी धरून चालते.

आमच्या मार्गदर्शिका बाई माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत. सरावाच्या शाळेत माझा तास बघायला त्या मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या. मी म्हटलं, बघ म्हणावं, मुरलेली बाई कशी शिकवते! फळा नीटनेटका, आकृती झोकात, वर्ग चिडीचूप. तास झाल्यावर त्या म्हणाल्या, "फार छान शिकवता तुम्ही. एक विचारू? एका मुलीनं 'असंच का होतं?' असं विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

मला आठवेना. त्यांनी वही पुढे केली. मी म्हणाले होते, "पुस्तकात तसं आहे." एका तासात तीनदा. प्रत्येक वेळी त्यांनी घड्याळातली वेळ लिहून ठेवली होती.

हे वाक्य मी आणखी कुठे म्हटलं होतं, ते मला माहीत आहे आणि तुलाही. दोन वर्षं आपण कुणी त्याचं नाव घेतलं नाही. आता मीच घेते.

सातवीचा वर्ग होता. आनुवंशिकतेचा धडा. कुणाकुणाची जीभ दोन्ही कडांनी वर वळून नळीसारखी होते, कुणाची होत नाही. पुस्तकात तक्ता होता: आईवडिलांपैकी एकाची तरी वळत असेल, तरच मुलाची वळते. दरवर्षीप्रमाणे मी घरचा अभ्यास दिला, घरात सगळ्यांना जीभ काढायला लावा आणि लिहून आणा. मुलं खूश. त्यांनी मलाही विचारलं, "बाई, तुमची वळते?" मी म्हटलं, बाईंनी वर्गात जीभ काढायची नसते, आणि नाही, माझी वळत नाही. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी भिंगरी उठून वाचायला लागली. आई नाही. बाबा नाही. मी, हो. आणि जीभ वळवून दाखवली, अशी सुरेख नळी! मी काय म्हणावं? "असं होत नाही. घरी पुन्हा नीट बघून ये." स्वतःच्या भाचीला, चाळीस पोरांसमोर. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मग ही कुणाची?" वर्ग खो खो हसला. मी डस्टर आपटलं आणि पुढचा मुद्दा शिकवायला घेतला.

मुलांनी घरी जाऊन सांगितलं. घरून बाहेर गेलं. शिक्षकांच्या खोलीत मी आले की बोलणं थांबायला लागलं. आणि दादा! मोजणी खात्यातला माणूस. आयुष्यभर लोकांच्या जमिनींवर साखळी टाकली, त्याला वाटलं यातही मोजून बघितलं की संपलं. "एकदा रक्त तपासून घेऊ, सगळ्यांची तोंडं बंद होतील," असं तो तुला म्हणाला. त्या आधीच्या संध्याकाळी तू माझ्याकडे आली होतीस. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. तू उंबऱ्यात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ताई, तुम्ही सांगा ना त्यांना. एवढ्यावरून काही ठरत नाही म्हणून सांगा."

मी म्हटलं, "पुस्तकात तसं आहे खरं."

एवढं ऐकूनही तू गेली नाहीस. बराच वेळ तशीच उभी होतीस, माझ्याकडे बघत. मी एकच पातेलं पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी दादानं रक्ताचं काढलं, तू म्हणालीस, "मी पुरावा देणार नाही," आणि भिंगरीची बॅग भरायला घेतलीस.

आज इथेच थांबते. मला इथे फार एकटं वाटतं, वहिनी. हे तुला सांगण्याचा मला काहीएक अधिकार नाही, तरी सांगते.

ताई

२१ सप्टेंबर

वहिनी,

गुडघ्यावर वही ठेवून लिहिते आहे, अक्षर खराब आलं तर समजून घे.

आमच्या वर्गात असं असतं, की प्रत्येकानं पाठ्यपुस्तकातलं एक पान घ्यायचं, आणि त्यात लिहिलेलं खरं आहे का ते मुळापासून तपासून सगळ्यांपुढे मांडायचं. पान आपणच निवडायचं. मी हिरव्या पानात अन्न कसं तयार होतं, ते पान घेतलं. सोपं, सुरक्षित. का घेतलं ते तुला कळेल.

जिभेचं पान कुणी घेतलं असेल? माझ्या खोलीतल्या त्या बोंडुकवालीनं! तोंडात गोळी चघळत उभी राहिली आणि दहा मिनिटांत तक्त्याच्या चिंध्या केल्या. हुबेहूब जुळी भावंडं असतात ना, ज्यांचं सगळं मूळचं सारखं? त्यांच्यातही एकाची वळते, दुसऱ्याची वळत नाही. लहानपणी न वळणारी काही मुलं पुढे सरावानं वळवायला शिकतात. दोघांचीही वळत नाही अशा आईवडिलांच्या मुलाची खुशाल वळू शकते. ज्या शास्त्रज्ञानं हे पहिल्यांदा मांडलं, त्यानं स्वतःच पुढे माघार घेतली. हे सगळं जुनं आहे, वहिनी. माझ्या जन्माच्या आधीचं! ती मुलगी म्हणाली, "तरी अजून हे शाळेत शिकवतात, कमाल आहे ना?" सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

मग तिनं सगळ्यांना जीभ काढायला लावली. मोठाले घोडे नुसते, एकमेकांना वाकुल्या दाखवत होते. माझ्यापाशी आली. "मॅडम, तुमची?" मी म्हटलं, "नाही वळत."

तास संपल्यावर मी जिन्यात बसून राहिले. एकवीस वर्षं, वर्षाला चाळीस मुलं. त्यातल्या किती जणांच्या घरी हे पोचलं असेल आणि कुणी मला सांगायला आलं नसेल? पण खरं सांगू, मला त्या सगळ्यांचं एवढं वाईट वाटलं नाही. मला उंबऱ्यात उभी असलेली तू दिसत होतीस.

तुझं काही चुकलं नव्हतं. हे मी दोन वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं, पुस्तक काहीही म्हणो. तुला ओळखायला मला पुस्तक कशाला लागत होतं?

ताई

१६ नोव्हेंबर

वहिनी,

उत्तर नाही. बरोबर आहे. मीही दिलं नसतं.

मी प्रबंधाचा विषय बदलून घेतला. आता जिभेवरच करते आहे. सरावाच्या शाळेतल्या साठ कुटुंबांना फॉर्म दिले. पण या वेळी आधी वर्गात सांगितलं, की यातून कुणाचे आईवडील कोण ते ठरत नाही, अजिबात ठरत नाही, आणि का ठरत नाही. मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं. मार्गदर्शिका बाई मागून हसत होत्या.

साठांपैकी आठ घरं अशी निघाली, जिथे आईबाप दोघांचीही वळत नाही आणि पोराची वळते. आठ! मी वहीत त्यांच्यापुढे 'अशक्य' असं लिहून ठेवलं होतं. बाईंनी लाल पेनानं ते खोडलं आणि म्हणाल्या, "जे समोर बसून डबा खातंय ते अशक्य कसं?" एकवीस वर्षं लाल पेन माझ्या हातात होतं, बरं का. आपल्यावर चालतं तेव्हा कसं लागतं ते आत्ता कळलं.

सोबत एक कोरा फॉर्म पाठवते. परतीचं पाकीट तिकीट लावून आत ठेवलं आहे. भिंगरीला भरावासा वाटला तर. नाही वाटला तर किराणाची यादी करायला मागची बाजू कोरी आहे.

बोंडुकवालीला ताप आला होता. दोन दिवस तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. बरी झाल्यावर पुन्हा कानात बोंडुक आणि "थँक्यू मॅडम". बरं वाटलं तेवढंही.

ताई

२ जानेवारी

वहिनी,

सुट्टीत घरी जाऊन आले. आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

माझी जीभ वळते.

लहानपणापासून वळते. सहा वर्षांची असताना मी जिभेची नळी करून वाटीतलं पाणी ओढायचे. दादा तेव्हा मामाकडे शिकायला होता, त्यामुळे त्यानं कधी पाहिलं नाही. आईची वळत नाही. बाबांचीही वळायची नाही, माझ्यासाठी ते फार प्रयत्न करायचे. मग चोविसाव्या वर्षी नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी तो तक्ता माझ्यापुढे आला. आई नाही, वडील नाही, मी हो. मी शिक्षकांच्या खोलीतल्या आरशासमोर उभी राहिले, जीभ वळवून पाहिली आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

तक्ता चुकीचा असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आई चुकली असेल, हे मात्र आलं. काय बाई आहे मी! बाबांच्या फोटोतले कान, माझे कान, बोटं, भुवया, सगळं ताडून बघायचे. बाबा गेले त्या दिवशीही त्यांच्या हाताची नखं बघत होते. आईच्या कुशीत मी पुन्हा कधी शिरले नाही. तिला वाटलं, मुलगी नोकरीला लागली, मोठी झाली.

आणि तू उंबऱ्यात उभी होतीस तेव्हा मला फक्त जीभ काढायची होती. दादाला हाक मारून, "हे बघ, माझीही वळते, आईबाबांची नाही वळत, सोड तो तक्ता" एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्यानं आईकडे बघितलं असतं. माझ्याकडे बघितलं असतं. मी भ्यायले. आईची आणि माझी अब्रू झाकायला मी तुझी उघड्यावर टाकली. शिवाय आणखी एक, आता काही उरवत नाही: तू आल्यापासून दादा माझा राहिला नाही असं मला वाटायचं. तेही त्यात होतं. किती होतं ते मला मोजता येत नाही.

परवा सकाळी चहाला तिघं बसलो होतो. मी म्हटलं, "दादा, इकडे बघ." आणि जीभ वळवून दाखवली. पंचेचाळीस वर्षांची बाई, पांढरे केस, अशी जीभ काढून बसलेली. दादाचा कप तसाच हातात. आईनं काय करावं? खदखदून हसायला लागली! "अगं, हे तू एवढीशी असताना करायचीस. तुझे बाबा दात घासता घासता आरशात करून बघायचे. एकदा सगळा फेस शर्टावर, आणि कामावर तस्सेच गेले." हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या लेखी यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. एकवीस वर्षं मी कुणावर राग धरून बसले होते, वहिनी?

दादा म्हणाला, "परत कर." मी केली. तो खुर्ची ओढून जवळ आला, अगदी त्याच्या त्या मोजणीच्या दुर्बिणीतून बघतो तसा डोळा बारीक करून बघितलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा केली. मग मी त्याला जुळ्यांचं सांगितलं, साठ घरांचं सांगितलं, आठ घरांचं सांगितलं. तो ऐकत होता की नाही, कळलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "तेव्हा का नाही बोललीस?"

मी म्हटलं, "घाबरले."

"आणि मी?" तो म्हणाला. "मला तर कुणी जीभ काढायला नव्हतं सांगितलं. मला नुसतं तिच्यावर विश्वास ठेवायचा होता." आणि उठून गच्चीत गेला. दुपारचं जेवलाही नाही.

तो तुला लिहील की नाही, मला माहीत नाही. त्याच्या वतीनं मी माफी मागत नाही, ते त्याचं त्यानं बघावं. माझी मागते. ती द्यायची सक्ती नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

वहिनी,

पाकीट मिळालं. वसतिगृहाच्या रखवालदारानं हाक मारली, "बाई, तुमचं पहिलंच पत्र की हो!" सात महिन्यांत त्याच्याही लक्षात आलं होतं. मी जिन्यातच उघडलं.

भिंगरीचं अक्षर बदललं आहे. आता तिरकं काढते. आई: नाही. वडील: नाही. मूल: हो. मला वाटलं संपलं. मग खाली 'घरातील इतर' या ओळीत तुझं अक्षर दिसलं.

'आत्या: हो. मुलगी पाच महिन्यांची असताना पाळण्यापाशी तिला हसवायला करून दाखवत होत्या. मी दारातून पाहिलं आहे.'

बाकी एक शब्द नाही. मी ती ओळ किती वेळा वाचली, सांगत नाही.

म्हणजे तुला माहीत होतं. स्वयंपाकघरात आलीस तेव्हाही माहीत होतं. "तुमच्या बहिणीचीही वळते, मग विचारा सासूबाईंना" एवढं तू दादाला म्हणाली असतीस, तर त्याच दिवशी तो गप्प बसला असता. पण त्यात आईचं नाव आलं असतं. तू ते घेतलं नाहीस. तू माझ्याकडे आलीस, कारण ते माझं होतं, मीच सांगायला हवं होतं. आणि उत्तर मिळाल्यावरही तू उंबऱ्यात उभी राहिलीस, ती मी सांगेन म्हणून वाट बघत. मी पातेलं पुसत होते. आईला आपण दोघींनी झाकलं, वहिनी. त्याची झळ मात्र तुला एकटीला लागली.

शेवटी 'शेरा' या रकान्यात भिंगरीनं लिहिलं आहे: 'वर्गात मीच विचारलं होतं बाई तुमची वळते का. तू नाही म्हणालीस.' पुढे प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

फॉर्म मार्गदर्शिका बाईंना दाखवला. मी त्यावर आधीच पेन्सिलीनं 'कुटुंब क्रमांक ६१' असं लिहून ठेवलं होतं. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हा धरता येणार नाही. संशोधन करणाऱ्याचं स्वतःचं घर मोजत नाहीत." मग माझा हात जरा वेळ धरून ठेवला. प्रबंधात साठच राहतील.

खोलीत आल्यावर बोंडुकवालीनं माझं तोंड बघून कानातलं काढलं. "काय झालं, मॅडम?" मी तिला जीभ वळवून दाखवली. ती बघतच राहिली. म्हणाली, "तुम्ही तर नाही म्हणाला होतात!" मी म्हटलं, हो, खोटं बोलले होते. तिला सगळं सांगितलं. इथे आल्यापासून इतकं मी कुणाशीच बोलले नव्हते. ऐकून ती म्हणाली, "मग पत्र कसली लिहिताय? जा ना."

भिंगरीला उत्तर पत्रातून द्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे. तिनं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं. तेव्हा शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते, दुपारी तीनपर्यंत पोचेन. बेल एकदाच वाजवीन. उघडायचं की नाही, ते तू ठरव. न उघडलंस तरी माझं काही म्हणणं नाही, संध्याकाळी परतीची गाडी आहे.

मागच्या वेळी तू उंबऱ्यात उभी होतीस. या वेळी मी उभी राहते.

ताई